जुनी स्पोर्ट्स कार : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

भिलाई हे पोलादाचे गाव. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि धातू किती ताण सोसतो याची जाण असणारी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली. अशा गावातील एखाद्या हौशी तरुणाने जुनी वेगवान मोटार घेतली, तर त्या जाणिवेचा उपयोग त्याने प्रथम आपल्या मोटारीसाठी करावा.

आपल्याकडे अशा मोटारी मोजक्याच. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली. रांजणगावच्या कारखान्यातील फियाट अबार्थ पुंटो २०१५ मध्ये, सुमारे १४५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन घेऊन. दोन्हींचे उत्पादन आता थांबले असल्याने त्या जुन्या बाजारातच मिळतात. खरेदीनंतर मोह होतो तो इंजिनाची ताकद वाढविण्याचा. खर्चाचा क्रम मात्र नेमका उलट असावा.

प्रथम सुरक्षितता

वेग ताशी ८० वरून १०० किलोमीटर झाला, तर तो सव्वापट होतो. पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक वाढते. म्हणून पहिला खर्च टायर व ब्रेक यांवर करावा. टायरच्या कडेवरील चार आकडी खूण त्याचे वय सांगते : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि त्याची पकड घटते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. त्यानंतर शॉक अॅब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे रबरी बुश पाहावेत. ते नवे बसविले की मोटारीचा मूळ स्वभाव परत येतो आणि अनेकदा पुढील बदलांची गरजच उरत नाही.

मग उष्णता व इंधन

मे महिन्यात येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि टर्बोवरील भार वाढतो. रेडिएटर, कूलंट, पंखा व होज सुस्थितीत ठेवणे हीच येथे खरी सुधारणा. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आता देशभर मिळते. जुन्या मोटारींच्या इंधनवाहिन्यांचे रबर या मिश्रणासाठी घडविलेले असेलच असे नाही. ते तपासून घ्यावे.

काय टाळावे

संगणकीय फेरजुळणी करून टर्बोचा दाब वाढविला की क्लच व गिअरबॉक्सवर मूळ हिशोबापलीकडचा ताण येतो. एकाची ताकद वाढवायची, तर दुसऱ्याची मजबुतीही वाढवावी लागते आणि ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ अशी गत होते. कर्णकर्कश सायलेन्सर दंडाला निमंत्रण देतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचे कारण ठरू शकतो. एका अपघाताचा भार कुटुंबाच्या साऱ्या बचतीवर पडू शकतो, हे विसरू नये.

कागदपत्रे आणि हिशोब

नोंदणी पुस्तकावर आधीच्या कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवून घ्यावा. मोटार नागपूरहून आणली असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा.

सुधारणांसाठी कर्ज काढण्यापूर्वी साधे गणित मांडावे. १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाचा मासिक हप्ता सुमारे ३,३२१ रुपये येतो. व्याजापोटी साडेएकोणीस हजारांहून अधिक जातात. विकताना मात्र अशा सुधारणांची किंमत क्वचितच वसूल होते. म्हणून खरेदीच्या अंदाजपत्रकातच टायर, ब्रेक व दुरुस्ती यांसाठी रक्कम राखून ठेवावी आणि मोटार तेवढ्याने कमी किमतीची निवडावी. हौसेला मोल नसते हे खरे. हप्त्याला मात्र दरमहा तारीख असते.