जन्म न विचारणारे डोंगरघर

सहल म्हटली की आपल्या कुटुंबांना लेणी, महाड आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवते. पण दूर ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतातही आपण मुक्काम करावा असे एक घर आहे. त्याचे नाव फ्रीझेनबर्गहाउस.

आमचा भाचा म्युनिकला नोकरीस आहे. त्याच्याबरोबर आम्ही आगगाडीने मायरहोफेनला गेलो. तेथून बस श्लेगाइस धरणापर्यंत नेते. हे धरण सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि डोंगरघर जवळजवळ २,५०० मीटरवर. म्हणजे सातशे मीटरची चढण! सराव असलेले लोक ती अडीच-तीन तासांत चढतात. खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्या आम्हांला चार तास लागले.

प्रथम झाडी, मग गवताची कुरणे व लाल फुलांची झुडपे, आणि शेवटी नुसते दगड. मागे वळून पाहिले की खाली धरणाचे निळे पाणी, समोर बर्फाच्छादित शिखरे. जुलै महिना असूनही अंगात स्वेटर लागला.

घर दगडी, भक्कम. बूट दाराशी काढायचे, वहीत नाव व उद्याची वाट लिहायची. कोणी वाटेत हरवला तर शोध घेण्यास ही वही उपयोगी पडते. रात्री सर्वांना एकाच टेबलावर गरम सूप. झोपण्यास ओळीने गाद्या, वर अंथरायची चादरीची पिशवी आपली आपण न्यायची. दहा वाजता दिवे बंद. आपला कचरा आपणच खाली आणायचा. येथे साहेब नाही, शिपाई नाही.

पण हे घर बांधले कोणी? १९२४ साली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गिर्यारोहण संघाने ज्यू सभासद असलेली व्हिएन्नाची 'डोनाउलांट' शाखा संघाबाहेर काढली. गुन्हा एकच, जन्म! अनेक डोंगरघरांची दारे ज्यूंना बंद झाली. तेव्हा बर्लिनच्या ज्यू गिर्यारोहकांनी व त्यांच्या मित्रांनी वेगळी संस्था काढली आणि १९२८ ते १९३० या काळात हे घर उभारले. आपल्याकडे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो १९२७ साली आणि काळाराम मंदिराचा १९३० साली. काळ तोच, दुखणेही तेच.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर घर जप्त झाले. युद्धानंतर ते डोनाउलांटला परत मिळाले व १९६८ साली बर्लिन शाखेकडे आले. २००३ साली असहिष्णुता व द्वेष यांविरुद्धचे आंतरराष्ट्रीय भेटीचे ठिकाण म्हणून त्याची घोषणा झाली.

सकाळी उतरताना भाच्याची मुलगी म्हणाली, "मामाआजोबा, त्यांना नको म्हटले म्हणून त्यांनी स्वतःचेच घर बांधले ना?" होय बाळ. आणि बांधल्यावर दार सर्वांसाठी उघडे ठेवले, हेही लक्षात ठेव.

वाचकहो, ऑस्ट्रियाला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण आपल्या सह्याद्रीतील गड व लेणी जवळच आहेत. मुलामुलींना घेऊन एक रात्र डोंगरावर काढा आणि त्यांना या घराची हकीकत सांगा.