दाबलेलं अक्षर आणि अरुंद अक्षर

नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर. अमरावती-अकोल्याकडच्या गावांची नावंच अशी ऐसपैस, आणि दुकानाचा दर्शनी भाग बहुतेक वेळा एका शटरचा. त्यात दुकानाचं नाव, 'कृषी सेवा केंद्र' आणि गाव, सगळं बसवायचं. २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालेनासं झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. (आकार मात्रेसकट मोजायचा की मात्रेशिवाय, हे फुटपट्टीवाल्यांनी ठरवावं.) अक्षर लहान करता येत नाही, पाटी रुंद होत नाही, म्हणून फ्लेक्सवाला कोरल ड्रॉमध्ये नेहमीचा ठळक फाँट दोन्ही बाजूंनी दाबतो. पण ठळक अरुंद अक्षर असं दाबून मिळत नाही. ते मुळापासून अरुंदच आखावं लागतं.

रुंदी साठ टक्क्यांवर आणली की उभा काना साठ टक्केच जाड उरतो, शिरोरेषेची जाडी मात्र जशीच्या तशी राहते. सगळा भार वर जातो, खाली पाय काटकुळे. 'वऱ्हाड' हेच नाव घ्या: त्यातला अर्धा र ह ला चिकटतो आणि लांबून नुसता डाग दिसतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीसाठी मानुषी पारीख यांनी २०१४ मध्ये आखलेल्या 'टेको'त वाट उलटी आहे. रेषेची जाडी जवळजवळ सारखी, गोलाई चपटी करून बाजू सरळ उभ्या केलेल्या. त्यामुळे ब, व, ष यांच्या पोटातली मोकळी जागा अरुंद होते पण बुजत नाही. इंग्रजीत हे सोपं. जेफ्री ली यांच्या १९६५ च्या 'इम्पॅक्ट'मध्ये अक्षराचं धड उंच आणि वरखालचे शेपटे आखूड करून काम भागलं. आपल्याकडे 'मूर्तिजापूर'च्या खाली दोन ऊकार आणि वर वेलांटीला रफार. ही जागा छाटून धड उंच करता येत नाही. म्हणून देवनागरीत रुंदी वाचवण्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओळखूनच हे अक्षर घडवावं लागतं.

यावर फ्लेक्सवाल्याचं म्हणणं असं, की एवढं बारीक पाहतं कोण, आणि नवा फाँट विकत कोण घेणार? पैशांचा मुद्दा टिकत नाही: 'टेको' आणि त्याच फाउंड्रीचा 'खंड' दोन्ही फुकट आहेत. खरी अडचण वेगळीच आहे. डीटीपीवाल्यांकडचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीने टाइप केलेला. त्याला 'टेको'सारखा युनिकोड फाँट लावला की त्याची भलतीच अक्षरं उमटतात, आधी मजकूर बदलून घ्यावा लागतो. पण पाटीवर चार-पाचच शब्द असतात. ते नव्याने टाइप करायला कितीसा वेळ लागणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सारख्या जाडीच्या रेषेत बोरूचा जाड-बारीक डौल मरतो. ते खरंच. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांवर वाढलेल्या डोळ्याला हे अक्षर रुक्ष वाटणारच, आणि पुस्तकाच्या पानभर मजकुराला ते कुणी वापरूही नये. पाटी मात्र चालत्या मोटारसायकलवरून वाचायची असते. तिथे डौलापेक्षा पोकळी महत्त्वाची. आणि 'अंजनगाव सुर्जी' 'टेको'तही एका ओळीत मावत नसेल, तर सरळ दोन ओळी कराव्यात.