सगळ्या टेस्ट पास, तरी प्रोग्राम नापास!

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत चुका होतील, सांभाळून घ्या. आज सांगायचंय तेही चुकीबद्दलच.

मिनी प्रोजेक्टच्या टेस्ट चालवायला मी होस्टेलवर एक शेल स्क्रिप्ट लिहिली. आउटपुट आणि एरर एकाच लॉग फाइलमध्ये जावेत म्हणून &> वापरलं. माझ्या फेडोरावर दोन टेस्ट फेल. तीच स्क्रिप्ट लॅबच्या उबुंटूवर चालवली, तर सगळ्या पास! स्क्रीनवर मात्र एरर, आणि लॉग रिकामा.

झालं काय? पहिल्या ओळीत मी ‘एसएच’ लिहिलं होतं. हे नुसतं नाव. मागे कोणता शेल बसलाय ते सिस्टिम ठरवते. फेडोरात बॅश, तर उबुंटूत २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून डॅश. डॅश & आणि > वेगवेगळे वाचतो: प्रोग्राम बॅकग्राउंडला सोडा, मग फाइल रिकामी करा. फाइल रिकामी झाली की एक्झिट स्टेटस शून्य, म्हणजे ‘पास’!

आपल्या गोंदियात झाडीबोली चालते, पण पुण्याला पत्र पाठवताना आपण प्रमाण मराठीत लिहितो ना? शेलची प्रमाणभाषा म्हणजे १९९२ चं पॉझिक्स स्टँडर्ड. म्हणून:

१. &> ऐवजी > लॉग 2>&1 लिहा.
२. तुलनेला == नको, एकच = पुरे.
३. ‘इको’च्या ऑप्शनऐवजी ‘प्रिंटएफ’ वापरा.
४. स्क्रिप्ट डॅशवरही चालवून बघा.

आणि एक टेस्ट मुद्दाम फेल होणारी ठेवा. तीही पास झाली, तर समजा, गडबड स्क्रिप्टमध्येच आहे.