छप्पर : डागडुजी की नवे?



वसंत व्याख्यानमालेत छपरावर बोलायचे म्हटल्यावर काहींना हसू येईल. तत्त्वज्ञान मंदिराच्या गावात याहून उंच विषय पुष्कळ आहेत. परंतु आखाजी झाली, वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा पांगली, की आपल्या बाजारपेठेतला प्रत्येक दुकानदार एकदा मान वर करून पाहतो आणि मनाशी म्हणतो, “एवढा पावसाळा निभेल ना?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते. ते पाहून-मोजून देता येते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट ही की, पाणी जिथे टपकते तिथेच ते शिरलेले असते असे नाही. ते वाशावरून, तुळईवरून वाहत जाऊन दुसरीकडेच पडते. म्हणून गळतीच्या डागावर डांबर फासणे म्हणजे दुखणे पोटात आणि लेप पाठीवर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डागडुजी की नवे छप्पर, याचा निर्णय छपराच्या वरच्या अंगावर ठरत नाही. ते ज्याच्यावर टेकले आहे त्यावर ठरतो. सांगाडा धड असेल तर गळके छप्परही दुरुस्त करता येते. सांगाडा खचला असेल तर न गळणारे छप्परही उतरवावे लागते.

आपल्याकडच्या जुन्या धाब्याचेच घ्या. सागाचे सर, त्यांवर कड्या, वर किलचण आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरायची, ही खानदेशातली जुनी रीत. तीत शहाणपण आहे. ही माती भिजली की तिचे बारीक कण विखरून भेगा बुजवतात आणि खारेपणामुळे गवतही फारसे माजत नाही. दोष रीतीत नाही, हिशेबात आहे. दरवर्षी नवी माती चढते; जुनी मात्र क्वचितच कोणी उतरवतो. तीन मीटर रुंद आणि सहा मीटर खोल दुकानावर १५ सेंटिमीटर माती असेल तर तिचे वजन ४० क्विंटलांच्या वर जाते. वर्षानुवर्षे भर पडून थर दुप्पट झाला की ८०-९० क्विंटल. ओल धरली की आणखी. कोणता व्यापारी आपल्या गादीच्या डोक्यावर ९० क्विंटल माल टांगून खाली निवांत बसेल?

याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. तिथल्या दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. म्हणून धाबेवाल्यांनी आधी मातीची जाडी मोजावी. मग सुताराकडून तुळयांची भिंतीत शिरलेली टोके टोच्याने तपासून घ्यावीत. लाकूड कुजते आणि वाळवी लागते ती बहुधा तिथे. टोके टणक असतील तर जुनी माती उतरवून नवा पातळ थर देणे पुरे. टोच्या लोण्यात शिरावा तसा शिरला तर डागडुजीचा विचार सोडावा.

पत्र्याची परीक्षा याहून सोपी. भर दुपारी दारे लावून आत उभे राहा आणि वर पाहा. उजेडाचे ठिपके फक्त हुकांभोवती आणि जोडांवर दिसतात की पत्र्याच्या मधोमध विखुरलेले? उन्हात पत्रा वाढतो, रात्री आखडतो. ४० अंशांच्या फरकाने तीन मीटरचा पत्रा जवळजवळ दीड मिलिमीटर हलतो. हे रोज घडून हुकांची भोके रुंदावतात. तेवढाच दोष असेल तर नवे हुक, नवे वायसर आणि दोन-चार नवे पत्रे यांवर काम भागते. परंतु जस्ताचा थर झिजून पत्रा मधोमध तांबडा पडला असेल, तर लोखंडच संपत आले आहे. तिथे रंग टिकणार नाही. धाबे काढून पत्रा घालणारांनी हेही ध्यानात ठेवावे की, हलके छप्पर वादळात उडते. ते भिंतीशी पक्के जखडावे; वर दगड ठेवून भागत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नयेत, कोरडे कापू नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ती धूळ छातीत गेल्यास कर्करोगाचे कारण होते. पाणी मारून ते अखंड उतरवावेत.

स्लॅबला खालून हातोडीने हलकेच ठोकावे. पोकळ आवाज आला तर आतले गज गंजून फुगले आहेत असे समजावे. ते उघडे करून अभियंत्याला दाखवल्यावाचून वर नवा कोबा टाकू नये. १० सेंटिमीटर कोबा म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचे ओझे. जुन्यावर नवा थर हा धाब्याच्या मातीचाच प्रकार झाला!

आता पैशाचा हिशेब. खर्चाला पावसाळ्यांनी भागावे. समजा, डागडुजीला ६० हजार लागले आणि तीन पावसाळे निभले, तर पावसाळ्यामागे २० हजार पडले. नवे छप्पर तीन लाखांचे आणि २५ वर्षांचे धरले तर १२ हजारच. उलट सांगाडा मजबूत असून तेवढ्याच डागडुजीत दहा वर्षे मिळत असतील, तर वर्षाला सहा हजार. मग नव्याचा हौसेखातर खर्च कशाला? भिजलेला माल आणि बंद दुकानाचे दिवस मात्र दोन्हीकडे मांडावेत.

शेवटी एक नाजूक मुद्दा. जुन्या पेढ्यांत छप्पर मालकाचे आणि माल भाडेकरूचा. मालक म्हणतो, भाडे केवढे, खर्च केवढा! भाडेकरू म्हणतो, छप्पर माझे नव्हे. कामासाठी दुकान सोडले तर परत मिळेल का, ही धास्ती वेगळीच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने काम न केल्यास भाडेकरूला ते करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. न्यायालयाच्या हुकुमाने दुरुस्तीसाठी जागा खाली झाली, तर परत प्रवेशाची तरतूदही आहे. परंतु जुन्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात कौल बदलेल, छप्पर बदलणार नाही. म्हणून कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी दोघांनी एकत्र वर चढून पाहावे, खर्चाची वाटणी आणि परत येण्याची तारीख कागदावर घालावी.

कारण छप्पर कोसळताना खाली मालक उभा आहे की भाडेकरू, की पोरासाठी वह्या घ्यायला आलेली एखादी बाई, हे ते पाहत नाही. मृगाला अजून दिवस आहेत. उद्या सकाळी शिडी लावा.