सरकलेलं शून्य

पीएम-सेतू या केंद्राच्या योजनेचे 60,000 कोटी एव्हाना सगळ्यांना पाठ झालेत. 1,000 सरकारी आयटीआय, त्यातल्या 200 'हब', 800 'स्पोक', नवी यंत्रं, उद्योगांशी करार. यंत्रं हवीतच. जुनाट लेथवर शिकलेलं पोरगं सीएनसीच्या कारखान्यात गेल्यावर बावरतं, हे खरंच आहे. पण मला काळजी वाटते ती लेथपाशीही न पोचणाऱ्या पोराची, आणि त्याला कारण एक साधी पट्टी.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत 2023 साली 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींना पट्टीवर लांबी मोजायला दिली. वस्तूचं टोक शून्यावर होतं तेव्हा सुमारे 85 टक्क्यांना जमलं. टोक शून्यावरून सरकवलं, वजाबाकी करायची वेळ आली, आणि 39 टक्केच उरले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं तर निम्म्यांनाही आलं नाही.

आता फिटरच्या वर्कशॉपमध्ये चला. तिथं हाती येतो व्हर्नियर कॅलिपर, लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर. जबडे मिटूनही दोन्ही शून्यं जुळत नसतील, तर तेवढा फरक ध्यानात धरून माप दुरुस्त करायचं. म्हणजे तीच सरकलेली पट्टी, फक्त कितीतरी बारीक. पोरगं कानस झकास चालवतं, व्हाइसमध्ये जॉब नीट धरतं, आणि मापाशी येऊन अडतं. शेजाऱ्याचं बघून आकडा लिहितं. दोन जॉब बाद होतात. मग दांड्या. आधी सोमवारची, मग आठवड्याची. त्यात आई-बाप ऊसतोडीला गेलेले असले की धाकट्यांना सांभाळायचं निमित्त आयतंच मिळतं, आणि ते खोटंही नसतं. 80 टक्के हजेरी भरली नाही की परीक्षा हुकते. रजिस्टरात कारण पडतं गैरहजेरी. वजाबाकीचं नाव कुठंच येत नाही.

यावरचा सरकारी तोडगा म्हणजे जादा तास. सुटल्यानंतरचा. तोवर गावाकडची एसटी गेलेली असते, आणि जो थांबतो त्याच्यावर 'ढ' हा शिक्का बसतो तो बसतोच.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी वीसेक वर्षांपूर्वी वेगळं काही करून पाहिलं. 'आय-बेस्ट' नावाच्या त्या योजनेत एकाच वर्गात दोन शिक्षक असतात, एक धंद्याचा, दुसरा भाषा-गणिताचा. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांना या वर्गांतले विद्यार्थी प्रमाणपत्रापर्यंत जास्त प्रमाणात पोचताना दिसले. मला या योजनेचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की कच्च्या विद्यार्थ्याला उठवून दुसऱ्या खोलीत पाठवावं लागत नाही.

आपल्याकडे वर्कशॉप कॅल्क्युलेशन हा विषय आहेच, फक्त तो फळ्यावर शिकवला जातो, व्हाइसपासून दूर. त्याच्या निदेशकाला वर्कशॉपात आणायला नवं यंत्र लागत नाही. लागतो पगार. तासिका तत्त्वावरच्या माणसानं तास संपल्यावर अर्धा तास एका पोरापाशी थांबावं, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याला कोण देणार?

प्रवेश आटोपले की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एकेकटं बोलवावं, पट्टी सरकवून एक माप विचारावं आणि अडले त्यांची नावं निदेशकानं स्वतःच्या वहीत टिपावीत. भिंतीवर लावू नयेत.