उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

शहरात अनेकांची मोटार आठवडाभर इमारतीखालीच उभी असते. मग एखाद्या रात्री रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यायचे असते आणि किल्ली फिरवल्यावर नुसता 'टकटक' आवाज येतो. बॅटरी उतरल्याची ही बहुधा खूण होय. इंजिन फिरते, पण सुरू होत नाही, अशा वेळी दोष इंधनपुरवठ्यात किंवा स्पार्क प्लगमध्ये शोधावा.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणकीय यंत्रणा थोडी थोडी वीज घेतच असतात. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ च्या खाली गेला, की ती जवळपास रिकामी झाली असे समजावे.

जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने ही तूट भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन मुळीच चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक ठरतो.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना लाल केबलने दोन्ही धन टोके जोडावीत. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेऊ शकतो.

दीर्घ प्रवासाला जाण्यापूर्वी बॅटरीची ऋण केबल सोडून ठेवावी.