पाण्याच्या पंचांगावर चालणारें बंदर

बंदर हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. दीपगृह, भरती-ओहोटी, खारा वारा आणि क्षितिजावर हळूहळू मोठी होत जाणारी आगबोट ही त्या चित्रांतील नेहमींची सामग्री. परंतु ज्यांनीं समुद्र कधीं पाहिलाच नाहीं अशींहि बंदरें जगांत आहेत. आफ्रिका खंडाच्या ऐन मध्यभागीं, कोणत्याहि सागरापासून पांचशें मैलांहून अधिक अंतरावर, बांगी नांवाचें शहर आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशाची ही राजधानी आणि तेथील मुख्य बंदरहि हेंच. या देशाला समुद्रकिनारा नाहीं आणि आगगाडीचा रूळहि नाहीं. मग तेथील पन्नास लाखांवर लोकांना लागणारें मीठ, पीठ, सिमेंट आणि इंधन येतें कोठून? बराच माल सडकेनें येतो. आणि इंधनासारखा जड माल, शक्य असेल तेव्हां, उबांगी नदीच्या पाण्यावरून येतो.

'शक्य असेल तेव्हां' या तीन शब्दांतच या बंदराची सारी कथा आहे. धक्का आहे, वखारी आहेत, हमाल आहेत. पण वर्षांतील कित्येक महिने नदींत पुरेसें पाणीच नसतें. बंदर दगडमातीनें बांधतां येतें. परंतु तें चालतें पाण्यावर, आणि तें पाणी कोणाच्या हुकुमांत नाहीं.

प्रथम मालाचा मार्ग पाहूं. अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर कांगो प्रजासत्ताकांत प्वांत-न्वार हें बंदर आहे. समुद्रावरील जहाज आपला माल तेथें उतरवतें. तेथून सुमारें ३२० मैलांची आगगाडी तो माल कांगो नदीवरील ब्राझाव्हिल शहरीं नेते. एवढी मोठी कांगो नदी समुद्राला मिळत असतां मध्येंच आगगाडीचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर असें कीं, ब्राझाव्हिलच्या खालीं ही महानदी सुमारें सव्वादोनशें मैल खडकांवरून कोसळत, उसळत जाते. त्या भागांतून कोणतीहि बोट जाऊं शकत नाहीं. ब्राझाव्हिलच्या वर मात्र पाणी संथ व खोल आहे. तेथें माल पडावांत भरतात. हे पडाव प्रथम कांगो नदीनें वर चढतात, मग डाव्या अंगास उबांगीच्या मुखांत शिरतात, आणि एकंदर साडेसातशें मैलांचा प्रवास करून बांगीला पोंचतात. जहाजांतून गाडींत, गाडींतून पडावांत, पडावांतून धक्क्यावर, असा माल तीन वेळां हाताळला जातो. आणि प्रत्येक वेळीं हमाली, खोळंबा व नासधूस यांचा भार शेवटीं गिऱ्हाइकाच्या माथीं येतो.

या मार्गाची खरी किंमत मात्र पैशांत मोजतां येत नाहीं. ही आगगाडी फ्रेंच सरकारनें १९२१ ते १९३४ या काळांत वेठीच्या मजुरांकडून बांधून घेतली. जवळपासचे लोक पुरेनात, तेव्हां उबांगीच्या खोऱ्यांतील खेड्यांतून माणसें पकडून आणलीं गेलीं व पडावांत दाटीवाटीनें भरून नदीनें खालीं पाठविण्यांत आलीं. त्या कामावर निदान १७,००० मजूर मृत्यु पावले. या वेठीविरुद्धच्या संतापाचाहि एक वांटा १९२८ सालीं देशाच्या पश्चिम भागांत उसळलेल्या मोठ्या बंडांत होता. ज्या नदीनें मीठ वर आणलें, त्याच नदीनें माणसें खालीं नेलीं. त्यांपैकीं कित्येक परत आलींच नाहींत.

बांगी शहर याच जागीं कां वसलें याचेंहि उत्तर नदीच देते. शहराच्या नांवाचा अर्थच मुळीं 'खळाळ' असा सांगतात. खालून येणाऱ्या बोटीला येथवर वाट मिळते. पुढें लगेच नदीच्या पात्रांत खडकांची रांग आडवी येते आणि पाणी फेंसाळत धांवूं लागतें. १८८९ सालीं फ्रेंचांनीं येथें ठाणें घातलें. जेथें बोटीची वाट संपली तेथें माल उतरला. जेथें माल उतरला तेथें बाजार भरला. आणि बाजाराभोंवतीं शहर वाढलें.

आतां नदीच्या स्वभावाकडे वळूं. कांगो नदीचें खोरें विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस पसरलेलें आहे. उत्तरेकडे कोरडे दिवस असतात तेव्हां दक्षिणेकडे पाऊस पडत असतो; त्यामुळें कांगोचें पाणी बाराहि महिने बरेंच सारखें राहतें. उबांगीचें तसें नाहीं. तिचें खोरें जवळजवळ सर्वच्या सर्व विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे. तिला एकच पावसाळा, म्हणून एकच पूर आणि एकच दुष्काळ. ऑक्टोबर महिन्यांत ती दुथडी भरून वाहते. मार्चमध्यें तिचें पाणी अगदीं तळाला जातें. ऑक्टोबरांतील प्रवाह मार्चमधील प्रवाहाच्या सुमारें दहापट असतो. आपल्याकडे कोंकणच्या किनाऱ्यावर पावसाळा लागला कीं होड्या ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यांत लोटतात. बांगीचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. तेथें पाऊस हा बंदराचा मित्र, आणि निरभ्र आकाश हा शत्रु.

या चढउताराचा परिणाम बंदराच्या रचनेवरहि झालेला आहे. वर्षभरांत पाण्याची पातळी पंधरा-वीस फुटांनीं वरखालीं होते. पुराच्या दिवसांत पडावाचें तोंड धक्क्याच्या कांठाशीं भिडतें. उतरत्या पाण्यांत तोच पडाव खोल खालीं जाऊन बसतो आणि माल वर काढण्यास यारीला किंवा हमालाच्या पाठीला तितकेच अधिक श्रम पडतात. सामान्य मालाचा धक्का शहराच्या जवळ आहे. तेलासाठीं मात्र शहराच्या खालच्या अंगास कोलोंगो येथें निराळी सोय आहे. तेथें पडावांतील तेल टाक्यांत घेतात. ज्वालाग्राही माल वस्तीपासून व इतर धक्क्यापासून दूर ठेवावा, हा साधा शहाणपणा त्यामागें आहे. वर येणाऱ्या पडावांत इंधन, सिमेंट, पीठ व मीठ. खालीं जाणाऱ्या पडावांत इमारती लांकूड, कापूस व कॉफी, असा येथील देवघेवीचा जुना क्रम आहे. समोरच्या तीरावर झोंगो नांवाचें गांव आहे; तें दुसऱ्या देशाचें, म्हणजे कांगो लोकशाही प्रजासत्ताकाचें. मोठे पडाव बंद असले तरी लांकडी होड्या दोन्ही तीरांमध्यें माणसें व भाजीपाला नेत-आणत असतात.

नदीवरील वाहतुकीची रीतहि लक्षांत घेण्याजोगी आहे. येथें बोट पडावांना मागून ओढीत नाहीं. अनेक सपाट पडाव एकमेकांस बांधून त्यांचा एकच तांडा करतात आणि मागें बोट लावून तो पुढें ढकलतात. पाणी भरपूर असलें म्हणजे तांडा मोठा व भार पुरा. पाणी ओसरूं लागलें कीं प्रथम भार कमी करतात, मग पडावांची संख्या कमी करतात, आणि शेवटीं वाहतूक थांबते. भरलेल्या पडावाला तरंगण्यास चार-पांच फूट पाणी लागतें. हलका केला तरी तीनएक फूट हवेंच. वाळूचे दांडे दरवर्षीं जागा बदलतात. म्हणून गेल्या वर्षींची वाट यंदा चालेलच असें नाहीं. बोया व खुणा अपुऱ्या असल्यामुळें तांडेलाला पाण्याच्या रंगावरून व तरंगांवरून खोली ओळखावी लागते, आणि रात्रीं तांडा हाकणें हें मोठें धाडसाचें काम ठरतें. बांगीपासून पन्नास-साठ मैल खालीं झिंगा येथें तर पात्रांत खडकच आहेत. वाळू उपसून काढतां येते. खडक हटत नाहीं. फ्रेंच अमदानींत तो खडकाळ भाग टाळण्यासाठीं तेथें किनाऱ्यानें एक चिमुकली आगगाडीहि घातलेली होती; ती आतां राहिलेली नाहीं.

जुन्या पिढीला ही सारी अडचण ठाऊक होती. पण तिला एक ठराविक मर्यादा होती. १९७० पूर्वीं वाहतूक बंद राहण्याचा काळ बहुधा कांहीं आठवड्यांचा असे. त्यानंतर मध्य आफ्रिकेच्या उत्तर पट्ट्यांतील पाऊस कमी झाला, आणि उबांगीचें पाणी पावसाहूनहि अधिक वेगानें घटलें. पुढें कित्येक वर्षें अशीं आलीं कीं नदी पांच-सहा महिने, आणि कधीं त्याहूनहि अधिक काळ, मोठ्या पडावांना बंद राहिली. ज्या दुकानाचीं दारें वर्षांतून सहा महिनेच उघडतात, त्या दुकानाचें भाडें मात्र बारा महिन्यांचें द्यावें लागतें. बोटी, धक्का, वखारी व माणसें यांचा खर्च पाण्याबरोबर ओसरत नाहीं. यामुळेंच नदीचें भाडें कागदावर स्वस्त दिसलें तरी व्यापाऱ्याचा विश्वास तिच्यावरून उडत गेला, आणि बहुतेक माल कॅमेरूनमधील दुआला बंदराहून येणाऱ्या सुमारें नऊशें मैलांच्या सडकेवर गेला.

पाण्याच्या जोडीला माणसांनीं निर्माण केलेले अडथळेहि आहेत. उबांगीचे दोन तीर दोन राष्ट्रांचे आहेत. १९९८ ते २००३ पर्यंत कांगोंत चाललेल्या युद्धांत ही वाट वेळोवेळीं तुटली आणि बांगींत इंधनाची टंचाई झाली. ब्राझाव्हिलची आगगाडीहि यादवीमुळें १९९८ च्या अखेरीस बंद पडली. पुन्हा २०१६ ते २०१८ मध्यें ती दोन वर्षें थांबली. तीन सांध्यांच्या या सांखळींतील एक कडी निखळली कीं सारी सांखळीच निरुपयोगी होते. नदीकांठच्या राष्ट्रांनीं १९९९ सालीं एक संयुक्त आयोग स्थापून पाण्याचें मापन, खुणा व नियम यांचें काम त्याच्याकडे सोंपविलें. एका नदीचे अनेक मालक असले कीं तिची काळजी कोणी एकट्यानें घेऊन भागत नाहीं, हें त्या राष्ट्रांनीं ओळखलें, हीच त्यांतली समाधानाची गोष्ट.

सडक असतां नदीची एवढी चिंता कशासाठीं, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर डिसेंबर २०२० मध्यें मिळालें. निवडणुकीच्या सुमारास बंडखोरांच्या सशस्त्र टोळ्यांनीं दुआलाची सडक अडविली. मालाच्या शेंकडों मोटारी कॅमेरूनच्या सरहद्दीवर अडकून पडल्या. राजधानींत अन्नाचे भाव चढले. फेब्रुवारी २०२१ मध्यें पहाऱ्यांत गाड्या येऊं लागेपर्यंत शहराचा श्वास कोंडल्यासारखा झाला होता. आणि तो काळ कोणता? नेमका नदी उतरण्याचा. सडक माणसांनीं अडविली होती, नदी ऋतूनें. एक वाट बंद झाली म्हणजे दुसरीवर विसंबावें, हा व्यवहार. पण दोन्ही एकाच वेळीं बंद झाल्या म्हणजे घरांतील गृहिणीला पिठाच्या डब्याचा तळ दिसूं लागतो. राज्यकारभाराचे मोठमोठे प्रश्न शेवटीं त्या डब्यापाशींच येऊन थांबतात.

उपाय सुचविले गेलेले आहेत. पात्रांतील वाळू नियमानें उपसणें, खुणा नीट ठेवणें, पाणी भरपूर असतांनाच तेलाचा सांठा भरून घेणें, हे साधे उपाय. बांगीच्या वरच्या अंगास पालांबो येथें धरण बांधून पुराचें पाणी कोरड्या महिन्यांसाठीं राखून ठेवावें, ही मोठी कल्पना. तीच पुढें वाढवून उबांगीचें कांहीं पाणी आटत चाललेल्या चाड सरोवराकडे न्यावें, अशीहि योजना अनेक दशकें चर्चेंत आहे. धरण अद्याप झालेलें नाहीं. जी नदी आपल्या बंदराला पुरत नाहीं तिच्याकडे दुसऱ्या खोऱ्यानेंहि हात पसरावा, यांत त्या प्रदेशाची पाण्याची निकड दिसून येते. आणि तीच नदी ऑक्टोबर २०१९ मध्यें इतकी चढली कीं बांगीच्या सखल वस्त्या पाण्याखालीं जाऊन हजारों माणसें बेघर झालीं. तिच्याजवळ पाणी नाहीं असें नाहीं. तें हवें तेव्हां नाहीं, एवढेंच.

मनुष्य धक्का बांधतो, यारी उभारतो, वेळापत्रक छापतो. बांगीचें वेळापत्रक मात्र दूरच्या रानावर पडणारा पाऊस लिहितो, आणि तें दरवर्षीं नव्यानें वाचावें लागतें. मार्च महिन्यांत तेथील वाळूंत रुतलेला रिकामा पडाव पाहून नदीला दोष देणें सोपें आहे. परंतु नदीनें आपला स्वभाव कधीं लपविलेला नाहीं. तो ओळखून, भरल्या पाण्याच्या महिन्यांत कोरड्या महिन्यांची बेगमी करणें, हेंच त्या बंदराचें आणि त्यावर जगणाऱ्या शहराचें खरें शहाणपण होय.